तार नसलेला D

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठीच वाचतेय. पांढरी साडी, पिंपळ, अमावस्या... माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. आजही नाही. आमच्या घरात लिंबू-मिरची दारावर लागते ती मीच काढून टाकते. तरीही लिहितेय, कारण गेले काही महिने लोक मला तोंडावर खोटारडी म्हणतायत — आणि ते मी ऐकून घेणार नाही.

मी सौम्या. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकर घरात वाढले. आणि मी जॅझ पियानो वाजवते. हे वाक्य सांगितलं की समोरचा एक तर "म्हणजे बँडबाजा?" विचारतो, नाहीतर "सोलापुरात?" म्हणतो. हो, सोलापुरात! चादरी इथे होतात, तसं जॅझही होऊ शकतं.

पियानो मला ग्रेस बाईंनी शिकवला. रेल्वे लाईन्स भागातल्या त्यांच्या घरात जुना उभा पियानो होता. त्या चर्चमधली गाणी शिकवायच्या, मी घरी येऊन इंटरनेटवर जॅझ ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी तीच गाणी वेडीवाकडी वळवून वाजवायचे. बाई ओरडायच्या नाहीत. म्हणायच्या, "बिघडव. पण का बिघडवलंस ते तुला सांगता आलं पाहिजे."

पुढे चेन्नईला थोडं शिकले, हैदराबादच्या हॉटेलांच्या लॉबीत वाजवलं. हात चांगला होता, पण वाजवायचे ते सगळं दुसऱ्यांचं. मग कंटाळून परत आले आणि स्वतःच्या चाली करायला लागले. त्यातली पहिली, जी ऐकून मला वाटलं की ही आता माझीच आहे, ती 'भुईकोट'. उजवा हात कुठेही भटकतो, पण शेवटी डावा हात अगदी खालच्या D या सुरावर येऊन टेकतो. खालचे सूर सांभाळणारा बेसवादक मला मिळाला नव्हता, त्यामुळे तो खालचा सूर म्हणजेच त्या चालीची जमीन.

याच सुमाराला बाईंची बोटं संधिवाताने वाकली. त्यांनी पियानो मला देऊन टाकला. आमच्या नान्नांनी — म्हणजे वडिलांनी — जुने माग विकले होते, ती शेड रिकामी पडली होती. पियानो तिथे आला. मुंबईच्या एका कंपनीने माझं पहिलं रेकॉर्ड काढायची तयारी दाखवली, आणि मी हट्टाने सांगितलं, रेकॉर्डिंग याच शेडमध्ये होईल.

पुण्याहून एकजण येऊन पियानो सुरात लावून गेले. लावता लावता तोच खालचा D तुटला. एवढ्या खालच्या सुराला एकच जाड तार असते, तांबं गुंडाळलेली, आणि ती मापाने बनवून घ्यावी लागते. त्यामुळे तुटलेली तार ते नमुना म्हणून सोबत पुण्याला घेऊन गेले. हे नीट लक्षात घ्या. तार सैल नव्हती, अडकलेली नव्हती. ती पियानोत नव्हतीच. पट्टी दाबली की हातोडी पोकळीत जाऊन "ठप्" असा मेला आवाज यायचा.

रेकॉर्डिंग करणारा पराग म्हणाला, "वरचा D वाजव ना, काय फरक पडतो?"

वाजवून पाहिला. सगळी चाल अधांतरी लटकायला लागली. मी म्हटलं, "मी खालचाच दाबणार. ठप् तर ठप्. नवीन तार बसली की शेवट पुन्हा घेऊ."

"तू ऐकणार नाहीस."

"नाही."

ड्रम्सवर दत्ता होता. सांगोल्याचा, मिरवणुकांत हलगी वाजवून हात तयार झालेला. त्याला मी जॅझ ऐकवलं तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, ह्येला हलगी म्हाईत न्हाय, पर ह्यो सगा भाऊ हाय तिचा."

तर ती वेळ. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. उन्हाळ्यातली भर दुपार, पत्र्याची शेड, आणि माईकमध्ये आवाज जातो म्हणून पंखे बंद. आजूबाजूच्या कारखान्यांची सुट्टी म्हणून तेवढा दिवस शांत. आम्ही घामाने निथळत होतो. दोन-तीनदा 'भुईकोट' वाजवली, दर वेळी शेवटी ठप्. मग एकदा ती अशी लागली की काय सांगू... मी काही ठरवून वाजवत नव्हते. पहिल्यांदाच डोक्यात कुणाचीच नक्कल नव्हती. शेवट आला, दत्ताने काड्या उचलून घेतल्या, मी D दाबला.

आणि तो वाजला.

पूर्ण. भरदार. बोटाखालून मनगटात, मनगटातून कोपरापर्यंत आला. मी पट्टी तशीच दाबून धरली. सूर विरत विरत गेला, लांबपर्यंत. मी मान वळवली तर दत्ता त्याच्या ड्रमकडे बघत होता. स्नेअर ड्रमला खालून बारीक तारा असतात, खोलीत खोल सूर वाजला की त्या आपोआप झणझणतात. त्या झणझणत होत्या.

सूर पूर्ण थांबला.

"ताई, ह्ये कुटनं आलं?" दत्ता हळूच म्हणाला.

मी पट्टी सोडून पुन्हा दाबली. ठप्. पुन्हा. ठप्.

परागने पळत येऊन पियानोची खालची फळी काढली, बॅटरी मारली. तारेची जागा मोकळी. मग आम्ही रेकॉर्डिंग लावलं. सूर होता. प्रत्येक माईकवर वेगळा आलेला — पियानोजवळच्यावर मोठा, ड्रम्सच्या माईकवर लांबून, मागे स्नेअरच्या तारांची झणझण. परागने सगळं तपासलं. दुसऱ्या तारा घुमल्या असतील? नुसत्या घुमण्याने असा ठोस सूर उठत नाही, आणि उठला असता तर आधीही उठला असता. बाहेर ट्रक गेला असेल? ट्रक D मध्ये जात नाही, आणि माझ्या बोटाबरोबर तर नाहीच. संध्याकाळपर्यंत पराग चिडचिडा झाला होता. म्हणाला, "मला हे आवडलेलं नाही."

एक गोष्ट मात्र त्याला सापडली. सगळा पियानो सुरात लावलेला होता, आणि हा सूर किंचित उतरलेला होता, म्हणजे असायला हवा त्यापेक्षा जरा खाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रेस बाईंकडे गेले. काही न सांगता हेडफोन त्यांच्या कानावर ठेवले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, वाकलेली बोटं मांडीवर हलत होती. शेवट आला आणि त्या हसल्या.

"हा माझा D," म्हणाल्या. "कायम थोडा उतरायचा. कितीदा लावून घेतला, पुन्हा उतरायचा. तू लहान असताना म्हणायचीस, बाई, हा झोपाळू आहे."

मी ते विसरून गेले होते. मग त्यांना तारेचं सांगितलं. बाईंनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले. घाबरल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "चाल चांगली आहे. आता दुसऱ्याचं वाजवू नकोस."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. त्रास माणसांचा सुरू झाला.

नान्नांनी ऐकलं आणि चेहरा पाडला. आमच्यात मुलीलाही प्रेमाने अम्मा म्हणतात. "अम्मा, शेडमध्ये शांत करून घेऊ. एक छोटी पूजा. तुझ्यासाठीच म्हणतोय गं."

"नान्ना, कुणी ओरडलं का? कुणाला लागलं का? एक सूर वाजला. त्याची शांत कशाला?"

ते माझ्याशी दोन दिवस नीट बोलले नाहीत. मीही नाही.

मग कंपनीतून फोन आला. परागकडून त्यांना कळलं होतं. तिथल्या मॅडम भलत्याच खूश. "सौम्या, हे तर सोनं आहे! रेकॉर्डचं नाव 'झपाटलेला पियानो' ठेवू. एखाद्या पडक्या घरात तुझे फोटो काढू, केस मोकळे, हातात कंदील —"

"मी कंदील घेऊन पियानो वाजवत नाही," मी म्हटलं.

"अगं, लोकांना ऐकायला कारण लागतं."

"चाल आहे ना. ती ऐका."

"मग तो सूर काढून नवीन वाजव. एक तर गोष्ट विकू, नाहीतर स्वच्छ रेकॉर्ड देऊ."

मी दोन्हीला नाही म्हटलं. करार गेला. खूप रडले, हेही सांगते. पहिलं रेकॉर्ड होतं माझं. दत्ताला कळवलं तेव्हा वाटलं तो तरी वैतागेल. तो म्हणाला, "जाऊ द्या की! आपण काय चोरी केली व्हय?"

पुढे नवीन तार आली, बसली. परागच्या आग्रहाखातर शेवट पुन्हा वाजवला. नवीन D अगदी बरोबर, चकचकीत. दोन्ही शेवट मी नान्नांना ऐकवले, कोणता कुठला ते न सांगता. त्यांनी तार नसतानाचा शेवट निवडला. मग त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "असू दे मग." पूजेचा विषय त्यानंतर निघाला नाही.

रेकॉर्ड मी स्वतःच इंटरनेटवर टाकलं, त्या सुरासकट. गोष्ट कुठेही लिहिली नाही. पण गोष्टी फुटतात. पुण्यातल्या कार्यक्रमात एक गृहस्थ सगळ्यांसमोर उभे राहिले. "नंतर वाजवून चिकटवलंय, मान्य करा. प्रसिद्धीसाठी असं चालतं." लोक हसले.

मी माईक घेतला. म्हटलं, "प्रसिद्धी हवी असती तर ती मला आयती मिळत होती. तो सूर कुठून आला, मला माहीत नाही. भूत म्हणणार नाही, कारण मी पाहिलं नाही. चिकटवला म्हणणार नाही, कारण मी चिकटवला नाही."

"म्हणजे तुमच्याकडे उत्तर नाही," ते म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "तुमच्याकडे आहे?"

ते खाली बसले नाहीत. मी दत्ताकडे बघितलं, त्याने काड्या उचलल्या, आणि ते उभे असतानाच आम्ही वाजवायला सुरुवात केली.