आधी खुशाली

कट्टा गावच्या एसटी थांब्यासमोर गंगारामचं टायपिंगचं दुकान आहे. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, पण त्याचं इंग्रजी पत्राचं शास्त्र काही बदललं नाही. तारीख, पत्ता, 'डियर सर'पुढे स्वल्पविराम, मग एका ओळीत ठळक विषय आणि शेवटी 'युवर्स फेथफुली'. कुणी मध्येच घरचं रामायण लावलं, की तो चष्म्यावरून बघतो. साहेबाला वेळ नसतो, म्हणतो. तसा साहेब त्याने जवळून एकच पाहिलाय, तोही रिटायर झालेला.

अशा माणसाला मासे विकणाऱ्या कृष्णाबाईने वाकवलं. तिचा मुलगा नितेश मालवाहू जहाजावर आणि घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. डॉक्टरांनी हात टेकले होते. मुलाला लवकर सोडा, असं कंपनीला कळवायचं होतं. पण पत्र खुशालीनेच सुरू व्हायला हवं. पहिल्या ओळीत आजारपण लिहिलं की ते घरात ठाण मांडतं, असं तिचं म्हणणं. गंगारामही इथलाच, त्यालाही ते पटलं. विषय झाला 'रजेबाबत', पहिली ओळ 'देवकृपेने सर्व कुशल', आणि नवऱ्याला जरा बरं नसतं, हे पार तळाशी गेलं.

कंपनीचं उत्तर आलं. घरी सर्व कुशल असल्याचं वाचून आनंद झाला, रजेचं करार संपल्यावर पाहू.

तिला हे वाचून दाखवताना गंगारामचा जीव अर्धा झाला. त्याने लगेच नवं पत्र सुरू केलं आणि विषयाच्या ओळीशी थांबला. आता खुशाली नको, विषय तूच सांग, म्हणाला.

कृष्णाबाई टोपलीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. हे वाक्य ती घरातही कुणापाशी बोलली नव्हती.

"नितेशचो बापूस वाचूचो नाय," ती म्हणाली. "माझ्या झिलाक घराक धाडा."

गंगारामने विषयात तेवढंच लिहिलं.

नितेश वेळेत पोचला. बापाने त्याला ओळखलं, त्याच्या हातून पेज घेतली, आणि मग तो गेला.

दिवसकार्य उरकल्यावर कृष्णाबाई पुन्हा दुकानात आली. कंपनीच्या साहेबाचे आभार मानायचे होते. गंगारामने सवयीने विषय विचारला.

"विषय ऱ्हवांदे," ती म्हणाली. "आधी खुशाली इचारा. सायबाचे आवस-बापूस बरे आसत मां?"

गंगारामने विषयाची ओळ कोरी ठेवली आणि साहेबाच्या आईवडिलांची चौकशी सगळ्यात आधी लिहिली. बाकी स्वल्पविराम जागच्या जागी होते.