म्हाताऱ्याचे टक्के

डॉक्टर म्हणाले, "बाबा, डावा हात वर करा." आणि आमच्या म्हाताऱ्यानं तो केला.

मी बघतच राहिले. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तो हात मांडीवर मेलेल्या कोकरासारखा पडून होता. जेवताना मीच तो उचलून त्यात वाटी अडकवायचे. आणि त्या दिवशी बीडच्या सरकारी दवाखान्यात, डॉक्टरांच्या टेबलासमोर, म्हाताऱ्यानं दात आवळून, मानेच्या शिरा ताणून तो खांद्याएवढा नेला. वर हसला पण.

"चालता येतं का?"

"येतं की! न चालायला काय झालंय?" म्हातारा म्हणाला. आणि खरंच पाच-सहा पावलं टाकून दाखवली.

डॉक्टरांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यातले मोठे डॉक्टर मला म्हणाले, "सुधारणा चांगली आहे, आजी. टक्के कमी भरतात. दाखला बसणार नाही. सहा महिन्यांनी परत दाखवा."

परतीच्या एसटीत तो हात पालीच्या तुटल्या शेपटीसारखा थरथरत होता. धोतर ओलं झालं होतं. आमची आष्टी येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत होते.

टक्के म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही ते कुणी नीट सांगितलं नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांचं बोर्ड बसतं. अंग किती निकामी झालं ते हलवून, चालवून बघतं आणि टक्क्यांत लिहितं. ठरलेले टक्के भरले तर दिव्यांगाचा दाखला मिळतो. त्या दाखल्यावर सरकार दर महिन्याला अनुदान देतं. चाकाची खुर्ची, हवेची गादी यासाठीही तोच दाखला लागतो.

मला खुर्चीचं कौतुक नव्हतं. मला माणूस हवं होतं. म्हाताऱ्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर बेडसोर होतो. बेडसोर म्हणजे एकाच अंगावर पडून कातडी सडते आणि जखम आत आत जाते. त्याच्या माकडहाडावर एक झालीच होती. पण मी त्याला वळवत बसले तर मेंढरं कोण चारणार? शेजारची कौसाबाई त्याच्याजवळ बसायला तयार होती. तिला नवरा नाही, पोट आहे. फुकट किती दिवस बसेल? अनुदान आलं तर तिला देता येणार होतं. नाही आलं तर मेंढरं विकायची आणि बिरूकडं जायचं, असं ठरलं होतं. बिरू आमचा लेक. पुण्याकडं कंपनीत आहे, बोर्डाच्या दिवशी रजा काढून आला होता. गुणी आहे, पण खोली एकच, ती पण तिसऱ्या मजल्यावर. आमचा म्हातारा उभ्या जन्मात जिना चढून झोपायला गेलेला नाही.

आता आजार कसा सुरू झाला ते. एके दिवशी सकाळी म्हातारा मेंढरांपुढं उभा होता. त्यानं शीळ घातली. शीळ आलीच नाही, नुसती हवा आली. मेंढरांनी माना वर केल्या नाहीत. त्यानं परत ओठ दुमडले तर ते एका बाजूला घसरले. हातातली काठी पडली आणि मग तो पडला.

वाडीवर जीप मिळेपर्यंत दुपार झाली. दवाखान्यात सीटी स्कॅन केला. म्हणजे मोठ्या कड्यात डोकं सरकवून आतला फोटो काढतात. डॉक्टर म्हणाले, "हा स्ट्रोक आहे. मेंदूला जाणाऱ्या रक्ताच्या नळीत गुठळी अडकली. ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या काही तासांतच देता येतं. ती वेळ गेली."

म्हणून सांगते. तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं, हात गळाला, की कांदा हुंगवत बसू नका. देवाचा अंगारा लावायचा तर गाडीत बसून लावा.

दवाखान्याच्या व्हरांड्यात निजायला बाकीच्या बायांना जड जायचं. मला नाही गेलं. माझं आयुष्य उघड्यावरच गेलं. सलाईनची बाटली थेंब थेंब गळत असायची आणि मी खिडकीतून तिच्याकडं बघत जुन्या वाटा चालायचे.

दिवाळी झाली की आमचं बिऱ्हाड निघायचं. नदीकाठच्या बागायती मुलखात. घोड्यावर भांडी, भांड्यांवर घोंगडी, घोंगड्यांवर कोंबड्या आणि सगळ्यात वर ज्यांना चालता येत नाही ती कोकरं, जाळीत घालून. म्हातारा तेव्हा म्हातारा नव्हता. पुढं तो, मागं कळप, कळपामागं मी आणि कुत्री. त्याची शीळ दोन शेतं ओलांडून यायची. शेतकरी वाट बघत असायचे. "या, या, आमच्या रानात बसवा." रात्रभर मेंढरं रानात बसली की त्याला खत मिळायचं आणि आम्हाला ज्वारी. चुलीवरची भाकरी, मेंढीच्या दुधाचा दाट चहा आणि उसाच्या पाटाला वाहतं पाणी. आता गोणीतलं खत आलं. आमची कुणी वाट बघत नाही.

तेव्हा सगळं बरं होतं असं मी म्हणणार नाही. माझं एक लेकरू त्याच वाटेवर तापानं गेलं. जवळ दवाखाना नव्हता. पण त्या व्हरांड्यात आठवायचं ते पाटाचं पाणीच. मन काही आपल्या हुकमात नसतं.

दवाखान्यातून सुट्टी देताना एका मॅडमनं फिजिओथेरपी शिकवली. म्हणजे गेलेल्या हातापायाला आपण हलवायचं, वाकवायचं, म्हणजे ते आखडत नाहीत. तीच म्हणाली दाखल्याचा अर्ज करा. मी चौथीपर्यंत शिकलेली. वाचता येतं, सही येते. आधार, रेशनकार्ड, फोटो, दवाखान्याचे कागद, सगळं घोंगडीच्या पिशवीत घालून मी हिंडले. हे सगळं जमलं. आणि बोर्डासमोर म्हाताऱ्यानं हात वर केला.

घरी आल्यावर दोन दिवस त्याला त्या हातात वाटी अडकवून ठेवणंही जमेना. मी मेंढरं आत घेत होते, तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

बोर्डासमोर जाताना म्हातारा बिरूला म्हणाला होता, "तू ह्या अंगाला हो." मला म्हणाला, "तू त्या अंगाला." मला वाटलं आधार पाहिजे. आधारासाठी नव्हतं ते. आष्टीच्या बाजारात लंगडी मेंढी विकायला नेली की ती आम्ही दोन धडधाकट मेंढ्यांच्या मधे उभी करतो. दोन्ही बाजूंनी दाबून धरली की पाय कळत नाही. गिऱ्हाईक आलं की मागनं गुडघ्यानं हळूच ढोसायचं, ती मान वर करते. सकाळी निघताना त्यानं माझ्याकडून दाढी करून घेतली होती, मिशीला तेल लावलं होतं, ठेवणीतला लाल फेटा बांधायला लावला होता. मीही बांधला. बाजाराला जाताना बांधते तसा.

त्याच्या बाजेपाशी गेले. म्हणाले, "अवो, तुमी डॉक्टरला काय इकायला गेलता?"

"कावून?"

"मला अन् बिरूला दोन्ही अंगाला उभं कावून केलं?"

म्हातारा लबाड. आढ्याकडं बघायला लागला. मग म्हणाला, "चार मान्सांत लोंबता हात घेऊन जाऊ व्हय मी? म्हनतील, धनगर मोडला."

"मोडला न्हाई तर काय झालं? मुतायला मी धरते न्हवं?"

"ते घरात. त्ये सायेब लोक हायती. त्यांच्याम्होरं वाकू न्हाई."

"मग बसा ताठ. मेंढरं इकते अन् जाते बिरूकडं."

"मेंढरं इकलीस तर मला बी त्यांच्याबरूबर इक."

"तुमाला कोन घेतंय? लंगडे हाय."

कौसाबाई दारात उभी होती, ती पदर तोंडात कोंबून हसली. म्हातारा नाही हसला. त्याला लागलं ते. मला कळलं, पण मी थांबले नाही.

"ऐका," मी म्हणाले. "लंगडी मेंढी बाजारात लपवत्यात. कळपात लपवती का कुनी? कळपात तिला घोड्यावर घालत्यात. इतकी वर्सं तुमीच घातली. कुन्या कोकराला लाज वाटली का?"

त्यानं मान दाराकडं वळवली. बाहेर मेंढरं रवंथ करत होती.

"मंग मला बी घोड्यावर घालतीस?"

"घातलं असतं. घोडं मेलं, म्हनून एसटीत घालते."

मग अर्ध्या तोंडानं हसला. उरलेलं अर्धं हलत नाही.

सहा महिने तसेच काढले. जखम धुवायची, मलमपट्टी करायची. कौसाबाईला ज्वारी दिली, लोकर दिली. मधे दोन मेंढ्या विकल्या. त्या धडधाकट होत्या, त्यांना कुणाच्या मधे उभं करावं लागलं नाही.

दुसऱ्या वेळी बीडला निघालो तेव्हा मी फेटा बांधणार नव्हते, पण म्हातारा ऐकेना. डोकं उघडं घेऊन निघणार नाही म्हणाला. बांधला. बोर्डाच्या दाराशी रांग होती. आमचा नंबर आला तसा म्हातारा बिरूला म्हणाला, "तू भायेरच थांब." मग उजव्या हातानं डोक्यावरचा फेटा काढला आणि मांडीवर ठेवला. लग्नानंतर चार माणसांत त्याचं डोकं मी पहिल्यांदा उघडं बघितलं. पार पांढरं झालं होतं.

मागचेच मोठे डॉक्टर होते. "बाबा, डावा हात वर करा."

हात फेट्यावर पडून राहिला.

"जोर लावा."

"जोर लावला तर जाईल, सायेब," म्हातारा म्हणाला. "पर मंग दोन दिस वाटी बी धरवत न्हाई. मागल्या टायमाला तसंच झालं. चाललो ते बी जीव काढून. रोज न्हाई चालता येत. हीच धरती मला."

"हे मागच्या वेळी का नाही सांगितलं?"

"मागल्या टायमाला बाजार समजलो व्हतो."

डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी लंगड्या मेंढीचं सांगितलं. ते हसले, मग हसायचे थांबले. उठून आले, स्वतः म्हाताऱ्याचा हात उचलला, सोडला. तो पडला. माकडहाडावरची पट्टी काढून बघितली. बाकीच्या डॉक्टरांना बोलावून दाखवली. म्हातारा सगळा वेळ खिडकीकडं बघत होता.

टक्के भरले.

घरी असं माणूस असेल तर एवढं लक्षात ठेवा. डॉक्टरांसमोर सणाचा दिवस दाखवू नका, रोजचा दाखवा. रडून वाढवू नका आणि मिशीला तेल लावून कमी पण करू नका. आणि ज्याला दाखवायचं आहे त्याला ते किती जड जातं, ते आपण विसरू नका. मी जवळजवळ विसरले होते.

त्यानंतर तहसीलला हेलपाटे झालेच. उत्पन्नाचा दाखला, बँकेचं खातं, त्याच्या झिजलेल्या अंगठ्याचा ठसा मशीन घेईना. पण अनुदान सुरू झालं. हवेची गादी आली. जखम भरली. आता कौसाबाई सकाळी येते, त्याला वळवते, त्याच्याशी भांडते. मी मेंढरं घेऊन डोंगराकडं जाते. म्हाताऱ्याची शीळ परत आली नाही. मी घालते. मेंढरं ऐकतात, पण जरा उशिरा.

दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे ज्याला पैसे मिळतात तो माणूस अजून जिवंत आहे हे दाखवायचं. यंदा म्हाताऱ्याला चाकाच्या खुर्चीतून नेला. कारकुनानं विचारलं, "आजोबा तुम्हीच का?"

"मीच. हिचा बी दाखला घ्या," म्हातारा म्हणाला. "तिला कोन इचारत न्हाई."

"आजींचा लागत नाही," कारकून म्हणाला.

नाही लागत तर नाही. म्हातारा जिवंत आहे, असं कागदावर शिक्क्यानिशी आहे. मी पण आहे.