लाख लावलेला पासवर्ड

संगणकावरच्या परीक्षेचा गुप्त पासवर्ड मी एकदा भर वर्गात उमेदवारांना वाचून दाखवला. नुसता वाचला नाही, कागद वर धरला आणि वर विचारलं, "मागे ऐकू आलं ना?"

तेव्हा मी सत्तावन्न वर्षांची होते, म्हणजे आजच्या मानाने पोरच. परळच्या एका कॉलेजात परीक्षांचं काम बघायचे. नायगावच्या आमच्या चाळीत म्हणायचे, हिच्या पोटातून पेपर काय, पेपराचा रंगसुद्धा बाहेर यायचा नाही. मला त्याचा भारी तोरा. प्रश्नपत्रिकांच्या पाकिटावर लाखेचं सील असायचं. वर्गातल्या दोन मुलांना पुढे बोलवायचं, सील शाबूत आहे हे दाखवून त्यांच्या सह्या घ्यायच्या, त्यांच्यादेखत पाकीट फोडायचं आणि वरची प्रश्नपत्रिका हातात धरून विषय नि वेळ खणखणीत वाचायची. वर्षानुवर्षं हेच केलं.

मग परीक्षा संगणकावर गेली. कुठल्याशा कचेरीत कारकून भरायचे होते आणि आमचं कॉलेज केंद्र होतं. ना पाकीट, ना सुतळी, ना लाख. केंद्रप्रमुख म्हणून माझ्या मोबाइलवर ऐनवेळी एक पासवर्ड येणार, बस. त्याने बंद पडलेला पेपर पुन्हा चालू करता येतो, कुणाची वेळही वाढवता येते, आणि तेही वर्गातल्या कुठल्याही संगणकावरून. प्रशिक्षणात बजावलं होतं, जपा. मी वहीत त्या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

आता जपायचं म्हणजे माझ्या मते एकच. पासवर्ड कागदावर उतरवला, खाकी लिफाफ्यात घातला, कपाटाच्या तळाशी पडलेली लाख मेणबत्तीवर वितळवली आणि सील ठोकलं. इतकं समाधान मला माझ्या लग्नातही नव्हतं.

पहिल्या रांगेतून दोघांना बोलावलं. त्यातली एक शिवडीची मुलगी. हॉल तिकीट दाखवताना म्हणाली होती, "बाई, वयात बसते ती ह्या वेळेपुरतीच. पुढच्या भरतीला नाही चालणार मी." दोघांनी सील पाहिलं, सह्या केल्या. मी ते फोडलं, आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

मागचा एकजण मन लावून रफ कागदावर काहीतरी लिहून घेत होता. शिवडीची मुलगी जागेवर जाता जाता थांबली.

"बाई, हा तुमचा पासवर्ड ना?"

"मग कुणाचा?"

"मग आम्हाला कशाला सांगितलात?"

"ए, बस ना गप," मागून आवाज आला. "सांगतायत तर सांगू दे की!"

सगळे हसले. ती नाही हसली. "आत्ताच सही केली मी, सगळं बरोबर झालं म्हणून. झालं कुठे पण?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. संगणक सांभाळणारी आमची डिलाईल रोडची बाई धावत आली. घाबरली की तिची मालवणी बाहेर यायची. "बा देवा म्हाराजा! बाई, ह्यां काय केलात?" मग हळूच म्हणाली, "वर कळवायला लागेल. परीक्षा रद्दही करतील."

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिलं आलं ते गप्प बसायचं. रद्द झाली तर माझी अब्रू जाणार होती. त्या मुलीची मात्र नोकरीची वाटच बंद होणार होती. तिनेही ते ऐकलं होतं. संगणकाच्या काळ्या पडद्याकडे बघत, हात मांडीवर ठेवून बसली होती.

"कळवा, बाई," ती म्हणाली.

मी फोन लावला आणि लाखेसकट सगळं सांगितलं. पलीकडून एक कोवळा आवाज म्हणाला, "मॅडम, लाख म्हणजे?"

पेपर अजून उघडला नव्हता म्हणून निभावलं. जुना पासवर्ड बाद झाला, नवा आला. तो मी आणि डिलाईल रोडवालीने भिंतीकडे तोंड करून वाचला. परीक्षा वीस मिनिटं उशिरा, पण पूर्ण वेळेची झाली. मी लेखी कबुली दिली, तीही मान्य झाली. पुढे डिलाईल रोडवालीने रोज दुपारी चहाबरोबर मला संगणक शिकवला. चिडवलं नाही असं नाही, पण दार लावून. निवृत्तीपर्यंत माझ्या केंद्राला गालबोट लागलं नाही, ते त्या दोघींमुळे. एकीने शिकवलं म्हणून, आणि दुसरीने आपलं सगळं पणाला लागलेलं असताना तोंड उघडलं म्हणून. शिवडीकडची बस दिसली की अजून माझे हात आपोआप जोडले जातात.

त्या दिवशी पेपर संपल्यावर ती रफ कागद परत द्यायला टेबलाशी आली. मी तिला सॉरी म्हणणार, तोच ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "टेन्शन नका घेऊ बाई, पेपर मस्त गेला. फक्त पुढच्या वेळी लिफाफा रिकामा ठेवा, सह्या आम्ही करतो."