कॉलिन भाऊजींची मतं

ताईचा फोन आला तेव्हा आई अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला ऐकू यावं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला. ताई एवढंच म्हणाली, "कॉलिन गेला रे..." मी काही बोलायच्या आत आईने विचारलं, "निंगाला? पन तिकीट तं पुढच्या आठवड्याचं होतं ना?" मग ताईचा हुंदका ऐकू आला आणि आईचे हात थांबले. भाऊजींच्या छातीत दुखायला लागलं होतं, दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. पुढच्या आठवड्यात ताई आणि ते कायमचे आमच्या गावी, मेडशीला राहायला येणार होते.

माझी मोठी बहीण नर्स म्हणून ऑस्ट्रेलियाला गेली आणि तिथल्या एका इलेक्ट्रिशियनशी तिने लग्न केलं. ते कॉलिन भाऊजी. पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना घ्यायला शेलूबाजारला गेलो होतो. तिथून पुढे जीप. भाऊजी पुढच्या सीटवर बसले आणि पट्टा शोधायला लागले. पट्टा सीटच्या कव्हराखाली कुठेतरी दबलेला होता. ड्रायव्हर म्हणाला, "सायेब, थ्या पट्ट्याले कोनी हात नाई लावत." भाऊजींनी खाली उतरून ती सीट उचकटली, पट्टा बाहेर काढला, झटकला, लावला आणि मगच गाडी निघाली. मागे बसलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. भाऊजीही हसले, पण पट्टा काही सोडला नाही.

त्यांना प्रत्येक गोष्टीवर मत होतं, आणि ते विचारलं नाही तरी मिळायचं. भाजीवाली मोबाइलवर पैसे घेते, याचं त्यांना भारी कौतुक. "आमचं तिकडचं गाव मागे हाये," ते आईकडून शिकलेल्या वऱ्हाडीत म्हणायचे. हॉर्न ही मात्र मुळात लावायचीच वस्तू नव्हे, असं त्यांचं ठाम मत होतं. आईला ते सगळ्या गावासारखं "माय" म्हणत. ती त्यांना "कालिन" म्हणायची. दोघांची भांडणंही व्हायची.

एका हिवाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक होती. भाऊजी म्हणाले, "आमच्याकडे मत नाई देल्लं तं दंड होते. चांगला कायदा हाये. इथंही पायजे."

आई भाकरी थापत होती. तिने मान वर केली. "आमाले दंड कायले पायजे? माह्या आज्याले हा हक्क नव्हता, बापाले भेटला. मी तं सकाळीच जाऊन उभी राह्यतो."

जेवून झाल्यावर भाऊजी माझ्याजवळ येऊन बसले आणि इंग्रजीत म्हणाले, आमच्याकडेही जे मूळचे लोक आहेत, त्यांना मताचा हक्क फार उशिरा मिळाला... मी शाळेत असताना याबद्दल कोणी बोलायचंही नाही, असं ते सांगत होते. त्यानंतर दंडाचा विषय त्यांनी आमच्या घरात कधी काढला नाही.

इथंच राहायचं, हे त्यांनी बऱ्याच वर्षांपासून ठरवलेलं. घरामागच्या जागेत दोन खोल्या बांधायला काढल्या. वायरिंगच्या वेळी गावातला राजू वायरमन म्हणाला, "भाऊ, तुमीच करा ना, तुमचा तं धंदाच हाये." भाऊजींनी दोन्ही हात वर केले. "माह्याजवळ इथलं लायसन नाई." खुर्ची टाकून बसले आणि राजूच्या डोक्यावर बसून त्याच्याकडून अर्थिंग नीट करून घेतलं, आमच्या जुन्या घराचंसुद्धा. करंट गळाला की आपोआप बंद होणारा स्विचही बसवायला लावला. राजू वैतागला होता. दोन वर्षांनी थंडीत आईने आंघोळीच्या पाण्याची बादली रॉड चालू असतानाच उचलायला घेतली. तिच्या हाताला झटका बसला आणि त्याच क्षणी घरातली लाइट गेली. त्या स्विचनेच ती बंद केली होती. ताईला फोन करून सांगितलं तर भाऊजींनी तिच्या हातातून फोन घेतला. म्हणाले, "माय, रॉड फेकून दे."

खोल्या तयार झाल्या, पण येणं लांबत गेलं. भाऊजींची म्हातारी आई अंथरुणाला खिळली होती. त्यांनी फोनवर विचारलं, "माय, काय करू?" आमची आई म्हणाली, "आईले टाकून येऊ नको. खोल्या कुठी पळून जात नाईत." त्यांनी ऐकलं. चार वर्षं त्यांनी आपल्या आईचं सगळं केलं. ती गेल्यावर तिकिटं काढली...

आईकडे पासपोर्ट नव्हता, मलाही जाणं जमलं नाही. अंत्यविधी मोबाइलवर दिसणार होता. मागे आमच्या काकांच्या वेळी विहारात जो तो फोन धरून उभा होता, तेव्हा भाऊजी मला म्हणाले होते, मेलेल्या माणसाकडे तरी डोळ्यांनी बघावं. आता त्यांच्याकडेच आम्ही तळहाताएवढ्या काचेतून बघत होतो. चित्र अडकत होतं. फुलं दिसायची, मग ताईचा खांदा, मग काहीच नाही. आई एकदम म्हणाली, "मीच म्हनलं होतं त्याले, येऊ नको म्हनून."

"आई, तू बरोबरच बोलली होतीस."

"बरोबरच बोलली," ती म्हणाली. "म्हनून तं त्यानं ऐकलं."

महिन्याभराने ताई एकटी आली. नव्या खोलीतच झोपली. दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आलं तरी उठली नाही. आईने गल्लीतल्या पोरांना आवाज करू दिला नाही, दळण आणायलाही मला पाठवलं आणि स्वतः दाराबाहेर बसून राहिली. पंधरा-वीस दिवस ताई राहिली. आई म्हणाली, "आता इथंच राय." ताई म्हणाली, "थो तिकडे हाये, आई. मी इथं कशी राहू?"

जायच्या दिवशी गाडी दारात उभी होती. ताईने खोलीची किल्ली काढून आईच्या हातात ठेवली.

आईने ती ताईच्याच पर्समध्ये परत टाकली. "कुलूप कायले लावू? मले रोज खोली झाडा लागते."