क्योटोतली बायकापोरांची जागा

चहा घ्या, पण घोट गिळून मगच पुढचं ऐका. माझी ही फजिती ऐकताना ह्याच कट्ट्यावर एका वकिलाच्या नाकातून चहा आलाय. आणि एक विनंती. आमच्या घरात ह्यातलं काही विचारू नका. ही गोष्ट बायको माझ्यापेक्षा रंगवून सांगते, आणि तिच्या सांगण्यात मी आणखीच बावळट दिसतो.

तर मी तेव्हा जपानात होतो. हसू नका, खरंच होतो. आपल्याकडचा कापूस मुंबईला जायचा आणि तिथून बोटीनं जपानला. मुंबईच्या एका पेढीनं मला कोबे बंदरात कारकून म्हणून धाडलं होतं. काही दिवस एकट्यानं काढले, मग बायकोला आणि पोरांना घेऊन गेलतो. थोरली शांता, धाकटा बापू. बायको खानापूरकडची, कणकुंबीच्या पावसात वाढलेली, त्यामुळं कोब्याच्या थंडीचं तिला काही वाटलं नाही. तिला जाच होता तो चुलीचा. बंदरात उतरलेला मुलखातला जो तो माणूस आमच्या घराचा पत्ता शोधत यायचा आणि भाकरी मागायचा. आता बेळगावच्या बाईनं नाही कसं म्हणायचं?

वसंतात तिकडं चेरीची झाडं फुलतात. पेढीला सुट्टी पडली. म्हटलं चला, क्योटो बघू. जुनी राजधानी, शेकडो देवळं, लाकडी घरांच्या जुन्या गल्ल्या. मी बायकोपुढं भरपूर वर्णन केलं.

ती म्हणाली, "देवळं बघू न्हायतर ऱ्हाऊ द्या. दोन दिस मला चुलीम्होरं बसायचं न्हाय. एवढंच करा."

"जागा मी निवडतो," मी म्हटलं. "बायकापोरांना शोभेल अशी. तू बघच."

आता सांगा, इतकं बोलायची काही गरज होती का?

क्योटोच्या स्टेशनवर उतरलो तर ही गर्दी. सगळा जपान फुलं बघायला आलता. पहिल्या उतारूघरात गेलो, तर आत व्यापाऱ्यांची पंगत बसलेली आणि दारू पिऊन सगळे टाळ्या वाजवत गात होते. मी पाऊल मागं घेतलं. दुसरं घर शांत होतं, पण तिथं न्हाणीघर एकच, आणि त्यातून एक म्हातारे गृहस्थ जवळजवळ उघडेच बाहेर आले आणि मला वाकून नमस्कार करून गेले. तिसऱ्या घरात भिंती कागदाच्या. बापूनं आत शिरल्याबरोबर भिंतीतून बोट आरपार घातलं. पलीकडून कुणीतरी ते बोट धरलं. बापूनं जे भोकाड पसरलं, ते गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत थांबलं नाही.

"हे बरं हुतं की," बायको म्हणाली. ती ट्रंकेवर बसली होती, एक हात कमरेवर. तोंड उतरलेलं. "मला आता कुठंबी चालंल."

"कुठंबी कसं चालंल? बायकापोरांचं म्हणून काही आहे की नाही?"

ती काही सांगायला गेली, तर मी तिला हातानंच थांबवलं. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण मी जागा निवडत होतो ना.

कोपऱ्यावर पोलीसचौकी होती. पोलीस तरुण, पांढरे हातमोजे घातलेला. आता माझं जपानी म्हणजे कापसाच्या गाठींपुरतं. 'हायाकु' म्हणजे लवकर, हे बंदरातल्या हमालांवर ओरडून पाठ झालेलं. शेजारणीमुळं आणखी दोन शब्द आले होते. 'ओकुसान' म्हणजे घरची बाई. 'कोदोमो' म्हणजे मूल. एवढ्या भांडवलावर मी त्याच्यापुढं उभा राहिलो.

बायकोकडं बोट करून म्हटलं, "ओकुसान." मग दोन्ही हातांवर मूल जोजवल्यासारखं करून म्हटलं, "कोदोमो." मग गालाखाली हात घेऊन झोपेची खूण केली. आणि तो नुसताच बघतोय म्हटल्यावर जरा जोरात म्हटलं, "हायाकु, हायाकु."

तुमच्या लक्षात आलं. माझ्या आलं नाही.

पोलिसानं बायकोकडं बघितलं. नऊवारीचा घोळ, कमरेवरचा हात, ओढलेला चेहरा. त्याचं तोंड पांढरं पडलं. त्यानं शिट्टी फुंकली, धावत जाऊन एक रिक्षा आणली, माणसानं ओढायची असते तसली, आणि बायकोला काचेचं भांडं उचलावं तसं जपून तिच्यात बसवलं. मग रिक्षापुढं गर्दी बाजूला सारत स्वतः पळायला लागला. मागनं मी, कडेवर बापू, हाताला शांता. ट्रंक एका दुकानदारानं न सांगता उचलली. मनात म्हटलं, काय देश आहे. आमच्याकडं फौजदाराला जागा विचारली असती तर त्यानं आधी मलाच बसवून घेतलं असतं.

आमच्या शहापुरातल्या विणकरांच्या गल्लीसारखी एक अरुंद गल्ली. दुतर्फा लाकडी जाळीची जुनी घरं. एका दारावर निळा पडदा आणि पाटी. पाटीवर काय लिहिलंय ते विचारू नका, मला कुठं वाचता येत होतं? आतून पांढऱ्या एप्रनमधली एक ठेंगणी म्हातारी आली, मागनं दोन पोरी. पोलीस दोन वाक्यं बोलला आणि तिघींनी बायकोला आत नेलं. मला दारातल्या खोलीत बसवलं, चहा दिला, पोरांना गोड वड्या दिल्या.

मी चारी बाजूला बघितलं. चटया अशा स्वच्छ की जेवण सांडलं तर उचलून खावं. दारूचा वास नाही, गाणं नाही. आत सारखं गरम पाणी नेत होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरात तान्ही पोरं रडत होती. एक नव्हे, तीन-चार. म्हटलं झालं, हीच ती. ज्या जागेत लोक एवढी तान्ही पोरं घेऊन उतरतात, ती जागा चांगली असणारच.

म्हातारीला सगळे 'सेनसेइ' म्हणत. सेनसेइ म्हणजे गुरुजी एवढं मला ठाऊक होतं. उतारूघराच्या मालकिणीला गुरुजी म्हणतात, ह्याला म्हणायची संस्कृती.

समोर एक जपानी तरुण येरझारा घालत होता. मला बघून वाकला. मग आतल्या दाराकडं हात करून त्यानं एक बोट वर केलं आणि छातीवर हात ठेवून थरथरून दाखवलं. मी समजलो की हा क्योटोत पहिल्यांदाच आलाय आणि बावरलाय. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मराठीतच म्हटलं, "घाबरायचं न्हाय गा. पहिल्यांदा असंच हुतंय. मग सवय होती." त्याला जरा धीर आल्यासारखा वाटला.

त्यानं माझ्या दोन्ही पोरांकडं बघितलं, तीन बोटं वर केली आणि भुवया उंचावल्या. म्हणजे तीन दिवस राहणार का, असं विचारत असणार. मीही तीन बोटं दाखवली. तो इतका खूश झाला की दोनदा वाकला.

तेवढ्यात आतून एक नवा रडण्याचा आवाज आला आणि एका पोरीनं येऊन त्याला काही सांगितलं. तो मटकन खाली बसला, उठला, माझे दोन्ही हात धरून रडायला लागला. मी बापूला म्हटलं, "त्याला खोली मिळाली वाटतं."

संध्याकाळी मला आत सोडलं. बायको जाड गादीवर पडली होती, अंगात पांढरा झगा, केस विंचरलेले. एक पोरगी तिचे पाय चेपत होती. पुढ्यात मऊ भाताची वाटी.

"कसं काय?" मी विचारलं.

"लई झ्याक," ती म्हणाली. "हितनं जायचं नाव काढू नका."

"आवडली का जागा?"

तिनं भाताचा एक घास घेतला. मग म्हणाली, "तुमी निवडलेली जागा. मी काय बोलणार?"

माझी छाती अशी फुगली म्हणता. आम्हाला तिघांना माडीवरची खोली दिली. बायकांची सोय वेगळी, पुरुषांची वेगळी. हे तर मला फारच पसंत पडलं.

इथवर झालं ते झालं. मी गप्प बसलो असतो तर आज तुम्हाला हे कळलंही नसतं. पण माणसाला गप्प कुठं बसवतं?

दुसऱ्या दिवशी पोरांना देऊळ दाखवायला नेलं, तर पायऱ्यांवर आमच्या पेढीचे मोठे शेठ. त्याच आठवड्यात मुंबईहून आईला घेऊन आलते. आई सत्तरीची, कडक शाकाहारी. साहेबी हॉटेलात उतरल्यापासून मांसाच्या वासानं त्या माउलीनं पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. शेठ रडकुंडीला आलते.

"शेठ," मी म्हटलं, "माझ्याबरोबर चला. घरगुती जागा आहे. शुद्ध मऊ भात देतात. बायकांची अशी सेवा करतात की माझी बायको उठायलाच तयार नाही."

शेठ म्हणाले, "भाई, तू तर देवासारखा भेटलास."

मला तेव्हा मुख्य कारकुनाची खुर्ची दिसायला लागली होती. लपवून काय करू?

वाजतगाजत म्हणावं तसा मी दोघांना गल्लीत घेऊन आलो. सेनसेइ दारात आली. मी शेठच्या आईला हाताला धरून पुढं केलं. काल जे शब्द कामाला आले तेच आज वापरावेत, नाही का? मी आईंकडं बोट करून म्हटलं, "ओकुसान." हातांवर मूल जोजवलं. "कोदोमो." आणि शेठ बघतायत म्हणून जरा ठसक्यात, "हायाकु."

सेनसेइनं आईंच्या पांढऱ्या केसांकडं बघितलं. मग माझ्याकडं. मागची पोरगी तोंडावर बाही दाबून आत पळाली. सेनसेइनं शेजारच्या घरात हाक दिली आणि तिचा जावई आला. हा शाळेत इंग्रजी शिकवायचा. बारीक चष्मा, आणि इंग्रजी असं की प्रत्येक शब्द धुऊन, इस्त्री करून काढलेला.

"सन्माननीय महोदय," तो मला म्हणाला, "ह्या वृद्ध मातोश्रींना मूल होणार आहे, अशी आपली समजूत आहे काय?"

शेठना इंग्रजी उत्तम येत होतं. तेवढं वाईट झालं.

"मूल?" मी म्हटलं. "मूल कसलं? आम्हाला राहायला खोली हवी."

"परंतु महोदय, हे बाळंतपणाचं घर आहे. माझ्या सासूबाई सुईण आहेत."

मंडळी, त्या क्षणी माझ्या डोक्यात गरम पाणी, रडणारी पोरं, थरथरणारा तरुण आणि तीन बोटं, सगळं एकदम जागच्या जागी बसलं. पायाखाली चटई होती म्हणून, जमीन असती तर दुभंगली असती. शेठचा चेहरा लाल झाला होता. आईंनी गुजरातीत त्यांना काय झालं म्हणून विचारलं. शेठनं मान खाली घालून सांगितलं. मी मनातल्या मनात ट्रंक भरली, बोटीत बसलो आणि थेट बेळगावला उतरलो.

आईनं आधी माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या पोटाकडं. मग उंबऱ्यावर बसली आणि अशी हसायला लागली की तिला धरायला दोघी पोरी धावल्या. डोळे पुसून झाल्यावर तिनं आतल्या रडण्याकडं बोट केलं आणि सेनसेइबरोबर पोरं बघायला निघूनही गेली. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, पण आत दोघींचा मोठ्यानं बोलण्याचा आवाज येत होता. थोड्या वेळानं आई मांडीवर तान्हं घेऊन मऊ भात खाताना दिसली. शेठनं एवढा मोठा सुस्कारा सोडला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "चलो, जेवली तरी." माझी नोकरी त्या वाटीभर भातावर वाचली.

आता राहिली माफी मागायची. मी मास्तरला म्हटलं, "तुमच्या सासूबाईंना सांगा, फार मोठी चूक झाली. माझ्या बायकोला तसं काहीच नाही. आम्ही दोन दिवस उगीच त्यांची गादी अडवली."

मास्तरनं सांगितलं. सेनसेइनं मला नखशिखांत न्याहाळलं आणि एकच वाक्य बोलली.

"सासूबाई म्हणतात," मास्तर म्हणाला, "चूक काहीच नाही. तिसरा महिना चालू आहे. प्रकृती उत्तम, फक्त विश्रांती हवी."

मी वळून बघितलं. बायको आतल्या दारात उभी होती.

"व्हय काय गं?"

"व्हय."

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

"सांगणारच हुते. काल ट्रंकेवर बसल्या बसल्या सांगाय गेले, तर तुमी जागा निवडत हुतासा."

"आणि हे घर कसलं आहे ते?"

"ते तर आत पाऊल टाकल्याबरोबर कळलं. म्हाताऱ्या बाईनं पोटावर हात ठेवल्यावर आनखी काय कळायचं ऱ्हातंय? पण तुमी लई खूश हुतासा. आनि गादी मऊ हुती."

म्हणजे पोलिसाला ठाऊक, रिक्षावाल्याला ठाऊक, ट्रंक उचलणाऱ्या दुकानदाराला ठाऊक, त्या थरथरणाऱ्या पोराला ठाऊक. अख्ख्या क्योटोत एकट्या बापाला पत्ता नव्हता.

एवढ्यावरही भागलं नाही. मास्तर घसा खाकरून पुन्हा सुरू झाला. "सासूबाईंना आणखी सांगायचं आहे. तिसऱ्याच महिन्यात बायकोला घेऊन स्वतः धावत आलेला, आणि लवकर लवकर म्हणून पोलिसालाही पळवणारा नवरा त्यांनी आजवर पाहिला नव्हता. कालपासून त्या ह्या गल्लीतल्या सगळ्या पुरुषांना आपलं उदाहरण देत आहेत."

बघतो तर जाळीजाळीआड गल्लीतले बापे उभे, आणि सगळे माझ्याकडं आदरानं बघून वाकतायत. खरं सांगायचं धैर्य तुम्हाला झालं असतं का? मला झालं नाही. मीही कमरेत वाकलो.

मागनं बायकोचा आवाज आला. मराठीत, म्हणजे त्या बाप्यांपैकी कुणाला न कळणारा.

"तेवढ्यानं भागायचं न्हाय. आनखी जरा खाली वाका."