शरयूताईंनी लिहिलेलं कबुलीचं पत्र

डॉ. शरयू टेंबे यांना मी प्रथम पाहिलं ते भूकंपानंतरच्या हिवाळ्यात, क्राइस्टचर्चमधल्या एका रुग्णालयात. निम्मे वॉर्ड हलवलेले, लिफ्ट बंद. प्रशिक्षणार्थी डॉक्टरांच्या ड्युट्या लावणाऱ्या कचेरीत मी नुकताच लागलो होतो. चार जिने चढून आलेल्या एका वयस्कर बाईंनी धापा टाकत माझ्यापुढे रोस्टर ठेवलं.

"मराठी दिसताय. ही मुलगी सलग बारा दिवस ड्युटीवर आहे. तुम्हाला दिसलं नाही, की दिसूनही लावलंत?"

"दिसलं नाही," मी म्हणालो.

"बरं झालं, खरं बोललात. आता बदला."

शरयूताई तिथे वरिष्ठ फिजिशियन होत्या. त्याआधी भारतीय सैन्यात दहा वर्षं डॉक्टर, मेजर होऊन बाहेर पडलेल्या. निवृत्तीनंतर क्राइस्टचर्चच्याच रिकार्टन भागातल्या त्यांच्या घरी इथल्या मराठी मंडळींतले तरुण डॉक्टर फॉर्म, अर्ज, करारनामे घेऊन येत. ताई हाताने मसुदा लिहीत आणि मी तो टाइप करत असे. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला खिचडी, दुसऱ्या बाजूला कागद. हे वर्षानुवर्षं चाललं. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी समितीने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा त्या म्हणाल्या, "लिहायचंच असेल तर इराचं लिहा. नुसती आरती नको." म्हणून ते लिहितो.

इरा ऑकलंडजवळच्या पापाकुरातल्या एका मराठी कुटुंबातली. वैद्यकीय शिक्षणाच्या पाचव्या वर्षी तिला इथल्या सैन्यदलाची शिष्यवृत्ती मिळत होती. शिकेपर्यंत फी आणि महिन्याचा भत्ता सैन्याचा. बदल्यात डॉक्टर झाल्यावर पाच वर्षं गणवेशात सेवा. तिला पुढे भूलतज्ज्ञ व्हायचं होतं आणि ते प्रशिक्षण नागरी रुग्णालयातच होतं. ती वर्षं सेवेत धरतात का, एवढंच तिने ताईंना विचारलं.

"धरतात गं," ताई म्हणाल्या. "माझी धरली होती."

इराने सही केली. आईवडिलांनी पेढे वाटले. करार पूर्ण कोणीच वाचला नाही; मोठ्या माणसाने सांगितल्यावर पुन्हा तपासणं आपल्याकडे उद्धटपणाचं समजतात. ताईंना सैन्यानेच नागरी रुग्णालयात शिकायला पाठवलं होतं. त्या आधीपासून अधिकारी होत्या, म्हणून त्यांची वर्षं सेवेत मोजली गेली. इराचं तसं नव्हतं. तिला प्रशिक्षणापुरती सवलत होती आणि सेवा त्यानंतर सुरू होणार होती. करारात ते स्वच्छ लिहिलेलं होतं.

क्राइस्टचर्चमध्ये पाच वर्षांच्या प्रशिक्षणातली दोन झाली आणि इराच्या वडिलांना पक्षाघात झाला. आई गाडी चालवत नाही. इराला ऑकलंडच्या रुग्णालयात, अर्धवेळ जायचं होतं. तिथे जागाही मिळत होती. सैन्याचं उत्तर आलं: सवलत पूर्णवेळ प्रशिक्षणासाठी आहे. अर्धवेळ गेलात तर ती संपेल आणि सेवेत हजर व्हावं लागेल. झालेली दोन वर्षं सेवेत धरली जाणार नाहीत. म्हणजे प्रशिक्षणाची जागा राखायची तर वडिलांपासून दूर राहायचं, आणि वडिलांकडे जायचं तर जागा सोडायची.

इरा ते पत्र घेऊन रिकार्टनला आली. तिला मराठी समजायचं, पण तेव्हा बोलायची इंग्रजीच.

"मावशी, यू सेड दे काउंट."

ताईंनी पत्र दोनदा वाचलं, मग करार वाचला. "हो. मी म्हटलं होतं. न वाचता म्हटलं होतं."

"डॅड कान्ट ईव्हन होल्ड अ कप."

ताईंनी सैन्यदलाला लिहायला कोरा कागद पुढे ओढला.

आमच्यातल्या एका गृहस्थांनी तोड सुचवली. "ताई, सरळ लिहा, सैन्यातल्याच अधिकाऱ्याने तोंडी सांगितलं होतं. तोंडी बोलण्याला पुरावा कुठे असतो?"

"अधिकाऱ्यानेच सांगितलं होतं, अगदी खरं आहे," ताई म्हणाल्या. "फक्त दुसऱ्या देशाच्या, निवृत्त, आणि ती मी. तसंच लिहिते."

आणि लिहिलं. सल्ला चुकीचा होता, तो मी दिला, सैन्यदलाने कोणतीही दिशाभूल केलेली नाही. सेवेच्या पाच वर्षांतला एक दिवसही माफ करू नका, फक्त ती केव्हा सुरू करायची हे तिच्या वडिलांकडे बघून ठरवा. टाइप करताना मी विचारलं, "इतकं स्वतःवर घ्यायलाच हवं का?" त्या म्हणाल्या, "तुम्ही स्वल्पविराम बघा."

पुढे अकरा महिने पत्रव्यवहार. पत्र मिळालं, विचाराधीन आहे. आणखी एक दाखला पाठवा. संबंधित अधिकारी बदलले, पुन्हा पाठवा. मधल्या काळात इरा दर सुट्टीला पापाकुराला विमानाने जायची आणि परत येऊन उभ्या उभ्या झोपायची. ताईंचे गुडघे गेले होते, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. एकदा मसुदा अर्धा ठेवून म्हणाल्या, "कंटाळा आला हो. पण कंटाळा आला असं लिहून पाठवता येत नाही." मग उरलेला मसुदा पुरा केला.

शेवटी सैन्याच्या छावणीत ताईंना भेटीला बोलावलं. तिथल्या तरुण अधिकारी बाईंनी चहा दिला आणि विचारलं, तुमचं या मुलीशी नातं काय? ताई म्हणाल्या, "नातं नाही. चूक आहे." त्या बाईंनी पहिल्यांदा फाइल बंद करून ऐकलं.

अर्धवेळ प्रशिक्षणाला परवानगी मिळाली. माफी कसलीच नाही. राहिलेली दोन वर्षं आता चार होतील, मग पाच वर्षं गणवेश. इराची आणखी नऊ वर्षं बांधलेली आहेत, म्हणून याला विजय म्हणवत नाही. ऑकलंडला गेल्यावर इराने काही महिने ताईंना फोनही केला नाही. ताईंनी ते बोलून दाखवलं नाही आणि आम्हालाही बोलू दिलं नाही.

गेल्या महिन्यात मी तिथे असताना फोन आला. ताईंनी स्पीकर लावला.

"मावशी, डॅड काठी घेऊन मेलबॉक्सपर्यंत गेले. बाय हिमसेल्फ."

"येताना कोण होतं?"

"येतानाही बाय हिमसेल्फ." मग इरा म्हणाली, "माझी सर्व्हिस संपेल ना, त्या दिवशी तू यायचंस. प्रॉमिस?"

"अगं, चौऱ्याऐंशीची असेन मी तेव्हा."

"सो?"

"सो, बसायला खुर्ची ठेव."

शरयूताईंना शंभर वर्षांचं आयुष्य मागितलं तर त्या वैतागतील; आताच पुष्कळ थकल्या आहेत. म्हणून मी मोजून नऊच वर्षं मागतो. ती हिंडती-फिरती असावीत, गुडघ्यांनी फार छळू नये, नजर शाबूत राहावी, आणि कोणाचेही करारनामे त्यांच्या टेबलावर येऊ नयेत. इरा मोकळी होईल त्या दिवशी त्या तिथे हजर असाव्यात. पुढची वर्षं त्यांनी आपल्या मर्जीने, निवांत घ्यावीत.