उजवीकडचा खिसा

कल्याणच्या बाजारात एका दुकानाच्या ओट्यावर मशीन मांडून बसणाऱ्या त्या सिंधी शिंप्याचं नाव मी कधी विचारलं नाही. फाळणीनंतर तो इथल्या छावणीत आला होता. कात्री लावण्याआधी तो कापडावरून तळहात फिरवायचा आणि उसवलेला दोरा न फेकता बोटाला गुंडाळून ठेवायचा.

वडील गेल्यावर आईने त्यांचा कोट माझ्यासाठी त्याच्याकडे दिला. त्याने तो उसवला, विरलेली बाजू आत घेतली आणि माझ्या मापाने पुन्हा कापला. पण उलटवल्यामुळे छातीवरचा खिसा डावीकडून उजवीकडे गेला होता. मी खट्टू झालो.

"सगळ्यांना कळेल ना, जुना उलटवलाय ते."

"कळू दे," तो म्हणाला.

त्याच दिवशी वर्गात मास्तरांनी 'रिकूप' हे इंग्रजी क्रियापद शिकवलं होतं. धंद्यात बुडालेलं व्यापारी रिकूप करतो, म्हणजे झालेलं नुकसान भरून काढतो. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ मात्र 'पुन्हा कापणे'. काहीतरी बोलायचं म्हणून मी ते त्याला सांगितलं.

मशीनवरचे त्याचे पाय थांबले.

"भरून कुठे येतं, बेटा? घर तिकडे, दुकान तिकडे. हातात जे राहिलं, त्यातूनच परत कापायचं."

मग त्याने दाताने दोरा तोडला, कोट माझ्या अंगावर चढवला आणि छातीवरचा खिसा तळहाताने सपाट केला.

अजूनही कुठे 'रिकूप' वाचलं, की माझा डावा हात छातीच्या उजव्या बाजूला जातो. तिथे आता खिसा नसतो.